चोर, आंदोलक आणि शत्रू

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत सीमेवर तोफा धडाडत असताना दुसऱ्याच एका आघाडीवरचे आकडे वृत्तपत्रांतून झळकत होते. पहलगामच्या हत्याकांडानंतर भारतातील संगणकव्यवस्थांवर सुमारे पंधरा लाख सायबर हल्ले झाल्याचे महाराष्ट्र सायबर विभागाने आपल्या अहवालात नमूद केले. त्यांपैकी यशस्वी ठरले अवघे १५०. या संदर्भात ज्या घटनेचा उल्लेख झाला, ती होती कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या संकेतस्थळाचे विद्रूपीकरण. मुंबई विमानतळाची माहिती चोरल्याचे आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळात शिरकाव केल्याचे जे दावे समाजमाध्यमांवर फिरत होते, ते विभागाने फेटाळून लावले.

एखाद्या नगरपरिषदेचे संकेतस्थळ परकीयांनी विद्रूप करावे, याचा संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु पंधरा लाखांच्या आकड्यात नेमके काय काय मोजले गेले, हे विचारण्याची सवय अजून समाजाला लागलेली नाही. दाराचे कुलूप हलवून पाहणारा, रात्रीतून भिंतीवर घोषणा रंगवून पळणारा, तिजोरी फोडणारा आणि धरणाच्या भिंतीला सुरुंग लावणारा, या चौघांना प्रत्यक्ष जगात कोणी एका तागडीत तोलत नाही. संगणकाच्या जगात मात्र हे सारे 'सायबर हल्ला' या एकाच शब्दाखाली येतात आणि मथळा देताना त्या शब्दाचे 'सायबर युद्ध' व्हायला वेळ लागत नाही. शब्दांची ही ढिलाई राष्ट्राच्या सुरक्षेला परवडणारी नाही. शत्रू कोण आणि चोर कोण हे ज्याला ओळखता येत नाही, त्याचा बंदोबस्त चोराच्या बाबतीतही फसतो आणि शत्रूच्या बाबतीतही.

या गोंधळाचे मूळ हत्यारात आहे. तलवार पाहून सैनिक ओळखावा आणि किल्ल्यांचा जुडगा पाहून चोर ओळखावा, अशी सोय इथे नाही. संगणकात शिरण्याची वाट, त्यात सोडायचा विषाणू आणि पासवर्ड काढून घेण्याची युक्ती तिघांचीही बहुधा एकच असते. म्हणून हल्ला कसा झाला, या प्रश्नाच्या उत्तरातून तो कोणत्या जातीचा होता हे कळत नाही. त्यासाठी दुसरे चार प्रश्न विचारावे लागतात. हल्ला करणारा कोण? त्याचा हेतू काय? नुकसान कशाचे झाले? आणि त्याच्यामागे एखादी राजसत्ता उभी आहे काय? महाराष्ट्राच्या भूमीवरच घडलेल्या तीन घटना या चार प्रश्नांवर घासून पाहिल्या, तर भेद आपोआप स्पष्ट होतो.

पहिली घटना १९९८ सालची. ११ आणि १३ मे रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत परदेशी हॅकरांच्या एका टोळक्याने प्रवेश मिळवला. स्वतःला 'मिलवर्म' म्हणवणाऱ्या या टोळक्यातील मुले वेगवेगळ्या देशांतली होती, त्यांतली बहुतेक अजून विशीतही पोहोचलेली नव्हती आणि एकमेकांना ती इंटरनेटवरच भेटलेली होती. त्यांनी केंद्रातील शास्त्रज्ञांचा काही पत्रव्यवहार पळवला आणि संकेतस्थळावर अण्वस्त्रविरोधी मजकूर झळकवला. पैसा मागितला नाही, कोणत्या राष्ट्राचा आदेशही त्यांच्यामागे नव्हता. त्यांना जगाचे लक्ष वेधून घ्यायचे होते आणि ते त्यांनी वेधले. हॅकिंग आणि आंदोलन यांच्या या संकराला 'हॅक्टिव्हिझम' असे नाव आहे. कृत्य बेकायदेशीर होते आणि देशाच्या मानबिंदूला डिवचणारे होते, यात शंका नाही. पण ते आक्रमण नव्हते. घोषणाबाजी करत कुंपण ओलांडून आत आलेला जमाव आणि शत्रूचे सैन्य यांत जे अंतर असते, तेच इथेही होते.

दुसरी घटना पुण्याची. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये दरोडा पडला. दरोडेखोरांनी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची एक बनावट प्रतिकृती उभी केली. त्यामुळे पैसे काढण्याची मागणी खऱ्या खातेव्यवस्थेकडे न जाता या तोतयाकडे जाऊ लागली आणि तोतया प्रत्येक मागणीला होकार देऊ लागला. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांच्या आधारे सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्ट रोजी 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. इथे ना विचार होता, ना निषेध. हेतू पैसा हाच होता आणि कार्यभाग साधेपर्यंत कोणाला सुगावा लागू नये, अशीच काळजी घेतली गेली होती. आंदोलकाला गवगवा हवा असतो, तर चोराला काळोख. या दोघांतला सर्वांत सोपा भेद हाच आहे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांना दोषी ठरवले. गुन्हा नोंदवला गेला, तपास झाला, शिक्षा झाली. गुन्ह्याचा बंदोबस्त ज्या मार्गाने व्हावा, त्याच मार्गाने तो झाला.

तिसरी घटना जून २०१७ मधील. २७ तारखेला जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे संगणक अचानक बंद पडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाकडून चालवले जात होते. संगणकांच्या पडद्यावर तीनशे डॉलरच्या खंडणीची मागणी दिसत होती. वरकरणी हा सरळसरळ गुन्हा वाटला. परंतु खंडणी भरली तरी माहिती परत मिळण्याची सोयच त्या विषाणूत ठेवलेली नव्हती. तो पैशासाठी बनवलेला नव्हताच, नाश करण्यासाठी बनवलेला होता. 'नॉटपेट्या' या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेला हा विषाणू युक्रेनमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, त्या देशाच्या संविधानदिनाच्या पूर्वसंध्येला सोडण्यात आला होता. पुढे २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला, तर ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर यंत्रणेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले. रशियाने आरोप नाकारला. अमेरिकी शासनाच्या अंदाजानुसार जगाचे एकूण नुकसान एक हजार कोटी डॉलरच्या घरात होते. एकट्या मेर्स्कला सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. युक्रेनवर टाकलेल्या बॉम्बच्या ठिकऱ्या उरणच्या किनाऱ्यावर येऊन पडल्या, असेच या घटनेचे वर्णन करावे लागेल.

तुर्भे, पुणे आणि उरण. तिन्ही ठिकाणी परक्याने संगणकात शिरकाव केला. पण पहिल्याला आंदोलक म्हणावे, दुसऱ्याला चोर आणि तिसऱ्याला शत्रू, हे चार प्रश्नांची उत्तरे मांडताच दिसू लागते.

अर्थात शत्रूचे प्रत्येक कृत्य म्हणजे युद्ध नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. परराष्ट्राच्या हेराने कागदपत्रे पळवली म्हणून आजवर कोणी युद्ध पुकारलेले नाही. संगणकातून माहिती पळवणारा हेरही हेरच. एप्रिल २००७ मध्ये एस्टोनियाने सोव्हिएत काळातील एका सैनिकाचा पुतळा राजधानीच्या मध्यवर्ती भागातून हलवला. त्यानंतर काही आठवडे त्या देशातील बँका, वृत्तपत्रे आणि शासकीय संकेतस्थळे यांच्यावर एकाच वेळी असंख्य मागण्यांचा भडिमार होऊन ती ठप्प होत राहिली. जगभर त्याला 'पहिले सायबर युद्ध' म्हटले गेले. प्रत्यक्षात कोणाचा जीव गेला नाही, कोणती वास्तू कोसळली नाही, आणि शिक्षा म्हणाल तर एका विद्यार्थ्याला दंड झाला. याउलट २०१० साली उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' विषाणूने इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे वेडीवाकडी फिरवून मोडून टाकली. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनची वीजयंत्रणा दुरून ताब्यात घेऊन सव्वादोन लाख ग्राहकांना ऐन हिवाळ्यात अंधारात लोटण्यात आले. संगणकातील आज्ञेने बाहेरच्या जगातील लोखंड मोडते आणि दिवे विझतात, तेव्हाच युद्धाची सीमारेषा जवळ येते. एस्टोनियाच्या अनुभवानंतर टॅलिन येथे आंतरराष्ट्रीय कायदेपंडितांनी तयार केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टॅलिन मॅन्युअल'चा निकषही हाच आहे. माणसे जखमी वा मृत होतील किंवा वस्तूंचा नाश होईल अशी वाजवी शक्यता असेल, तरच त्याला सशस्त्र संघर्षाच्या अर्थाने हल्ला म्हणावे. हे मॅन्युअल कोणत्याही राष्ट्रावर बंधनकारक नाही, पण विचाराची दिशा त्यातून मिळते.

इतके सगळे स्वच्छ असते, तर प्रश्न फारसा उरला नसता. अडचण अशी की, शत्रूला या तिन्ही चौकटी ठाऊक असतात आणि तो मुद्दाम दुसऱ्याच्या चौकटीत जाऊन उभा राहतो. पुण्याच्या दरोड्याचेच पाहा. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने उत्तर कोरियावरील निर्बंधांसाठी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने आपल्या अहवालात कॉसमॉस बँकेच्या प्रकरणाचा समावेश केला. २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर चोरले गेले, त्यामागेही उत्तर कोरियाचाच हात असल्याचे अमेरिकी तपासयंत्रणांचे म्हणणे आहे. म्हणजे चोरी पुण्यात झाली, तिचा माग मात्र एका राजसत्तेच्या दारापर्यंत जातो. पुण्यात दोषी ठरले ते प्रामुख्याने बनावट कार्डांनी पैसे काढणारे हात होते. डोके कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या मंत्र्यांनी उघडपणे आवाहन करून जगभरातील हॅकरांची 'आयटी आर्मी' उभी केली. वेश स्वयंसेवकाचा, पण हाक राज्याची. यातला आंदोलक कोण आणि सैनिक कोण?

हा प्रकार भारतीय विचाराला नवा नाही. कौटिल्याने युद्धाचे प्रकाशयुद्ध, कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध असे प्रकार सांगितले. उघड रणांगणावरचे ते प्रकाशयुद्ध, तर गूढपुरुषांकरवी, फंदफितुरीने, आवाज न करता चालवले जाते ते तूष्णींयुद्ध. आजच्या सायबर युद्धाचा मोठा भाग या तिसऱ्या प्रकारात मोडतो. त्यात शत्रू आपले नाव सांगत नाही आणि पकडला गेला तर हात झटकतो. आणि नाव देण्याचा अधिकार हाही सत्तेचाच एक भाग असतो, हे तर मराठी माणसाने इतिहासात अनुभवले आहे. मराठी राज्याचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांची कंपनी आपल्या कागदपत्रांत चाचा ठरवत राहिली. कारण त्यांना राज्याचे आरमारप्रमुख मानले, तर त्यांच्या दस्तकाचा हक्कही मान्य करावा लागला असता. शत्रूला चोर म्हणणे आणि चोराला शत्रू म्हणणे यांत केवळ शब्द बदलत नाही, तर हक्क, जबाबदारी आणि पुढची कारवाई हे सगळेच बदलते.

त्याचा रोकडा पुरावा विमाव्यवसायाने दिला आहे. नॉटपेट्यात पोळलेल्या मर्क या अमेरिकी औषध कंपनीने सुमारे १४० कोटी डॉलरच्या नुकसानीची भरपाई मागितली, तेव्हा हे युद्धकृत्य असल्याने विमा लागू नाही, अशी भूमिका विमा कंपन्यांनी घेतली. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी ती अमान्य केली आणि २०२४ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. पण त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, लंडनच्या लॉइड्सने आपल्या सदस्यांना फर्मावले होते की, राजसत्तेच्या पाठबळाने झालेले मोठे सायबर हल्ले विमा करारांतून वगळण्यात यावेत. याचा अर्थ उद्या एखाद्या कारखान्याचे संगणक बंद पडले, तर हल्लेखोर चोर होता की शत्रू, या एका प्रश्नावर त्या कारखान्याचे आणि तिथल्या कामगारांचे भवितव्य ठरेल.

भारताने कायदा आणि यंत्रणा यांची उभारणी केलेली नाही, असे नाही. २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. २००८ च्या दुरुस्तीने त्यात सायबर दहशतवादाचे कलम '६६ एफ' आले आणि जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आली. २००४ पासून 'सर्ट-इन' ही तातडीच्या प्रतिसादाची यंत्रणा काम करत आहे. वीज, बँका, दळणवळण अशा कळीच्या व्यवस्थांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र अधिसूचित झाले. सैन्यदलांची एकत्रित सायबर संस्थाही उभी राहिली. सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवावी, असे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले. उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. घटना घडल्यावर तिचे नाव काय, हे अधिकारवाणीने आणि एकमुखाने सांगणारे कोणी नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, महामारीच्या ऐन काळात रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस एका अमेरिकी कंपनीने भारताच्या वीजव्यवस्थेत चिनी हॅकरांनी शिरकाव केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी मुंबईच्या अंधारामागे सायबर घातपाताची शक्यता असल्याचे राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे सांगितले. लगोलग तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी स्पष्ट केले की, हल्ल्याचे प्रयत्न झाले, पण वीज गेली ती मानवी चुकीने. देशाच्या आर्थिक राजधानीतील अंधार हा अपघात होता की आक्रमण, या प्रश्नाला राज्य आणि केंद्र यांच्याकडून दोन परस्परविरोधी उत्तरे मिळाली. ती कोणत्या पक्षाच्या सरकारांची होती, हा मुद्दा गौण आहे. या घोळाचा आनंद ज्याला झाला असेल, तो सीमेपलीकडे बसला होता. तूष्णींयुद्धात शत्रूला एवढेच हवे असते. घाव बसला की नाही, याबद्दल जखमीच्याच घरात वाद लागावा.

म्हणून पहिली गरज आहे ती निदान करणाऱ्या एका स्वायत्त, तांत्रिकदृष्ट्या समर्थ व्यवस्थेची. रेल्वे अपघाताची चौकशी रेल्वे चालवणाऱ्यांकडे नव्हे, तर स्वतंत्र सुरक्षा आयुक्तांकडे असते आणि ते आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवलेले आहे. तशीच तजवीज मोठ्या सायबर घटनांसाठी हवी आणि गोपनीय तेवढे वगळून तिचे निष्कर्ष जनतेसमोर यायला हवेत. पुरावा हाती नसताना युद्धाची आरोळी ठोकणे जितके घातक, तितकेच आक्रमणाला तांत्रिक बिघाड म्हणून झाकणे घातक. शिवाय 'सायबर युद्ध' हा शब्द स्वस्त झाला की, निष्काळजी संस्थांना आयतीच पळवाट मिळते. शत्रुराष्ट्राने हल्ला केला, आम्ही काय करणार, असे म्हणून ठेवीदारांपुढे हात वर करता येतात. वर्षानुवर्षे न बदललेला पासवर्ड ही शत्रूची करामत नव्हे.

दुसरी गोष्ट तरुणांसाठी आहे आणि ती काहीशी कटू आहे. सीमेवर तणाव वाढला की, दोन्हीकडचे हौशी हॅकर एकमेकांची संकेतस्थळे विद्रूप करू लागतात. पाकिस्तानातील एखाद्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर तिरंगा झळकवला की देशसेवा झाली, असे कित्येकांना मनापासून वाटते. भावना समजण्याजोगी आहे, पण कृती नव्हे. असे कृत्य भारतीय कायद्यानुसारही गुन्हाच आहे. शत्रूच्या ज्या यंत्रणेत आपल्या गुप्तचरांनी महिनोन्महिने खपून दबक्या पावलांनी प्रवेश मिळवलेला असेल, तिथे एका उत्साही तरुणाच्या धुडगुसाने शत्रू सावध होऊ शकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या तज्ज्ञांनी युद्धकाळात हॅकिंग करणाऱ्या नागरिकांसाठी आठ नियम मांडले. रुग्णालयांवर हल्ला करू नका, नागरी वस्तूंना लक्ष्य करू नका, आणि शत्रूने नियम मोडले तरी तुम्ही मोडू नका, अशा आशयाचे ते आहेत. ज्या समाजाने निःशस्त्रावर वार न करणे हा क्षात्रधर्म मानला, त्याला हे नियम परके वाटण्याचे कारण नाही. ज्यांच्या बोटांत हे कसब आहे, त्यांनी रीतसर यंत्रणेत यावे. आणि यंत्रणेनेही त्यांना सन्मानाने सामावून घ्यावे, बँकांच्या आणि वीजमंडळांच्या भिंतींतील भगदाडे शोधून देणाऱ्याला गुन्हेगार न मानता मानधन द्यावे.

आंदोलकाला कायदा आणि संवाद, चोराला पोलीस आणि न्यायालय, शत्रूला सैन्य आणि मुत्सद्देगिरी. उपाय वेगवेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. चोरामागे सैन्य धाडणारे राष्ट्र हास्यास्पद ठरते, तर शत्रूविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून स्वस्थ बसणारे राष्ट्र असहाय ठरते. पुढचा हल्ला जेव्हा होईल, तेव्हा त्याच्यावर नाव लिहिलेले नसेल. ते नाव अचूक, वेळेवर आणि पुराव्यानिशी उच्चारता येणे हीच प्रतिकाराची पहिली पायरी आहे आणि तिची तयारी शांततेच्या काळातच करावी लागते.